मेलबर्नच्या डब्ब्यातला झेंडूचा हार

एमबीएले ॲडमिशन झाली तेव्हा माझ्याजवळ पासपोर्ट नव्हता. समुद्र मी पाह्यला नव्हता. विमान पाह्यलं होतं, पण खालून. अन् विषय घेतला इंटरनॅशनल बिझनेस. नागपूरच्या मावशीनं फोनवर आईले विचारलं, "रायपुरात राहून कायचं इंटरनॅशनल शिकते वं ते? बाजूच्या भिलाईले जाऊन येतात का?" फोन ठेवल्यावरही आई हसत होती. मीही हसली, पण थोडं लागलंच, कारण आपण नेमकं काय शिकणार आहो हे मलेही कुठं माहीत होतं.

मले सांगायचं आहे ते एका कंटेनरबद्दल. मी हे मोबाइलवर दोन्ही अंगठ्यानं भराभर लिहून राहिली, म्हणून पुढचं मागं झालं तं सांभाळून घ्या. अन् मराठीत लिहून राहिली कारण बाबा म्हणाले मराठीत लिही. घरी ते मराठीत विचारतात, मी हिंदीत उत्तर देते, शाळेपासून असंच चाललं आहे. या एका गोष्टीचं उत्तर मात्र त्याइले मराठीतच द्यायचं होतं.

वर्गात आम्ही तीस-पस्तीस जण. पहिल्याच दिवशी एका सरांनी विचारलं, समुद्र कोणी कोणी पाह्यला? सात-आठ हात वर आले, अन् ते सगळे जगन्नाथपुरीले जाऊन आलेले. मंग सर म्हणाले, रायपुरात समुद्र नाही पण पोर्ट आहे. आम्हाले वाटलं मजाक करून राहिले. पण खरंच आहे. शहराच्या बाहेर कंटेनर डेपो आहे, तिथं कस्टमवाले बसतात, सील लागलेले डब्बे, म्हणजे कंटेनर, रेल्वेवर चढतात, विशाखापट्टणमले जातात अन् तिथून जहाजावर. म्हणजे माल कागदावर इथूनच परदेशात निघतो. त्या दिवशी मी घरी येऊन आईले हे तीनदा सांगतलं. चौथ्यांदा सुरू केलं तं तिनं माझ्या हातात लसूण दिला सोलायले.

सगळ्यात आवडायच्या आमच्या डॉक्युमेंटेशनच्या मॅडम. बंदरावरच्या ऑफिसात त्याइनं कित्येक वर्षं काढली होती. पुस्तकातून कमी अन् जुन्या कागदाइच्या फायलीतून जास्त शिकवायच्या. दर वर्गात त्याइचं एक वाक्य ठरलेलं: पहिले डब्ब्यात वाकून पाहा, मंग कागद करा. आम्ही कँटीनमध्ये त्याइची नक्कल करायचो, समोशाच्या प्लेटमध्ये वाकून पाहायचो. त्याइच्या पेपरात माझे सगळ्यात जास्त मार्क होते, अन् हे मी तेव्हा सगळ्या पाऱ्याले, म्हणजे मोहल्ल्याले, सांगतलं होतं.

पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची इंटर्नशिप असते. कोणी हैदराबादले गेलं, कोणी पुण्याले. मी गेली सिलतऱ्याले, रायपूरच्या बाहेरच्या कारखान्याइच्या भागात. तिथल्या एका स्पंज आयर्नच्या प्लांटमध्ये बाबा काट्यावर आहेत, ट्रक वजन करायच्या काट्यावर. वीस-बावीस वर्षं झाली. त्याच गल्लीत एक छोटी फाउंड्री आहे, तिचे ट्रकही याच काट्यावर येतात. बाबांनी त्या मालकाले माझ्यासाठी विचारलं. आता हे तुम्हाले साधं वाटन, पण बाबा कोणाले काही मागत नाहीत. बस थांबवायची असली तरी हात अर्धाच वर करतात. त्याइनं काय शब्द वापरले असतील, किती वेळ काट्याच्या खोलीत आतल्या आत जुळवले असतील, हे मी अजून त्याइले विचारलं नाही.

मंग दोन महिने रोज सकाळी बाबाच्या स्कूटरवर मागं मी. सदर बाजारातून घेतलेले नवे फॉर्मल बूट पायात, तोंडाले दुपट्टा. सिलतऱ्याले पोहोचेपर्यंत पांढरा दुपट्टा राखाडी व्हायचा. रस्ताभर बाबा विचारायचे, काल काय शिकली. मी मागून ओरडून सांगायची. एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच विकणाऱ्याची जबाबदारी, हे सांगतलं त्या दिवशी पुढच्या सिग्नलले म्हणाले, "म्हणजे जहाजावर चढेपर्यंत पोरगी आपली, चढली का त्याइची." मी म्हटलं, बाबा, हे असंच्या असं पेपरात लिहिलं असतं तं मॅडमनं मार्क दिले असते.

फाउंड्रीत नाल्यावरच्या लोखंडी जाळ्या बनायच्या. रस्त्याच्या कडेले पाणी जायले लावतात ना, त्या जाड जाळ्या. आमच्या पाऱ्यातली नाली पाच वर्षांपासून उघडी आहे, दर पावसाळ्यात तिच्यात कोणाची ना कोणाची चप्पल जाते, अन् मी बसून जाळ्या पाठवून राहिली होती मेलबर्नले. मालकाले सगळे भैयाजी म्हणत. बोलणं कमी, चहा जास्त. त्याइनं ऑस्ट्रेलियाच्या एका खरीददाराच्या मागं दोन वर्षं मेल करून करून एक डब्बा मिळवला होता. एकच, ट्रायलचा. हा डब्बा नीट पोहोचला तं दर महिन्याले एक. नाही पोहोचला तं राम राम. दर महिन्याले डब्बा म्हणजे दुसरी शिफ्ट, अन् दुसरी शिफ्ट म्हणजे माल चढवणाऱ्या गँगले रोजचं काम. तेव्हा त्याइले आठवड्यातून दोन-तीनच दिवस बोलावत.

या गँगचे मुखिया म्हणजे कका. छत्तीसगढीत काकाले कका म्हणतात. सिलतऱ्याच्या पलीकडच्या गावचे, घरी थोडं धान, बाकी दिवस इथं. पहिल्या दिवशी माझे बूट पाहून म्हणाले, नोनी, हे घालून लोखंडावर चढशील तं लोखंड लाजन. नोनी म्हणजे पोरगी. दुसऱ्या दिवशी त्याइनं मले कोणाचे तरी जुने सेफ्टी बूट आणून दिले. दोन नंबर मोठे होते, समोर कापूस भरून घातले.

तं माझं काम होतं कागद. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, अन् ऑस्ट्रेलियासाठी वेगळी एक पॅकिंग डिक्लेरेशन. तो देश या बाबतीत लय कडक. डब्ब्यात पेंढा नाही, माती नाही, झाडाचं-पाल्याचं काही नाही, पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या फळ्याइचं, लाकूड भट्टीत तापवून ठप्पा मारलेलं, आतून डब्बा साफ, असं लिहून द्यावं लागते. मले हे तोंडपाठ होतं. लोडिंगच्या दिवशी सकाळीच मी ते टाइप करून, प्रिंट काढून भैयाजीसमोर ठेवलं. डब्बा अजून फाटकातून आतही आला नव्हता. त्याइनं विचारलं, देख लिया ना? मी म्हटलं हो. त्याइनं न वाचता सही केली. मी केलं होतं म्हणून न वाचता.

दुपारी डब्बा आला. जाळ्याइचे पॅलेट फोर्कलिफ्टनं एकेक करून आत गेले. कका दारातून ओरडून सांगत, डावीकडं, अजून, बस. वजन सगळ्या डब्ब्यात सारखं बसलं पाहिजे, नाही तं ट्रेलर वळणावर झुकते. शेवटचे दोन पॅलेट आत गेले अन् मी सीलचा नंबर लिहून घ्यायले वही उघडली, तं कका पिशवीतून सामान काढून राहिले होते. झेंडूचा हार. अगरबत्ती. पिवळे तांदूळ. नारळ.

अन् नारळ त्याइनं माझ्या हातात दिला.

"नोनी, पहिली डब्बा तोर हाथ ले जाही. नरियर तहीं फोर."

तुझ्या हातानं पहिला डब्बा जाणार, नारळ तूच फोड. आता आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. आमचं बौद्ध घर, आजोबापासूनच हे बंद झालं. घरी बुद्धाची अन् बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्ती, वंदना, बस. बावीस-तेवीस वर्षांच्या आयुष्यात मी नारळ फक्त चटणीसाठी फोडलेला पाह्यला होता, तोही आईनं, बत्त्यानं. पण गँगचे सहाही जण हात पुसून, चपला काढून, माझ्याकडं पाहत उभे होते. असं सगळ्याइनं मिळून कोणी मले कधी पुढं केलं नव्हतं. मी डब्ब्याच्या उंबऱ्यावर नारळ आपटला. काही झालं नाही. पुन्हा आपटला. गँग हसायले लागली. तिसऱ्यांदा इतक्या जोरात आपटला की त्याचे चार-पाच तुकडे होऊन आतच उडाले, पाणी लाकडी फरशीवर. ककानं पिवळे तांदूळ मूठभर घेऊन आत जाळ्याइवर उधळले, हार आतल्या बाजूनं दाराच्या दांडीले बांधला, म्हणजे रस्त्यात पडणार नाही. कोणीतरी माझा फोटो काढला. मागं हार, जाळ्या, तांदूळ, समोर मी, सेफ्टी बूट, बत्तीशी.

दार लागलं, सील लागलं, ट्रेलर डेपोकडं निघाला. मी त्याले हात दाखवला. ट्रेलरले.

संध्याकाळी घरी येऊन चहाही न पिता फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, माझा पहिला कंटेनर. धडाधड हृदयं यायले लागली. हैदराबादवाल्याइनं, पुण्यावाल्याइनं, सगळ्याइनं. मी एकेकाले उत्तर देऊन राहिली होती. त्या ग्रुपमध्ये डॉक्युमेंटेशनच्या मॅडमही होत्या, पण त्या कधीच काही लिहीत नसत. त्या दिवशी त्याइनं लिहिलं, कंटेनर कुठं चालला आहे? मी लिहिलं, मेलबर्न मॅम, अन् झेंडा टाकला, अन् कांगारू टाकला.

त्याइचं पुढचं वाक्य आलं: मंग हार आत काहून आहे?

बस. मंग ग्रुपवर एकही हृदय आलं नाही. मी फोटो मोठा करून पाह्यला. हार. जाळ्याइच्या भोकात अडकलेले पिवळे तांदूळ. कोपऱ्यात नारळाचा तुकडा, त्याच्या शेंडीसकट. झाडाचं-पाल्याचं काही नाही, हे मीच सकाळी टाइप केलं होतं. तिकडं डब्बा उघडल्यावर हे दिसलं तं डब्बा अडकणार, किडे मारायची धुरी, दंड, खरीददाराले फोन, अन् भैयाजीच्या सहीचा कागद खोटा. दोन वर्षांच्या मेलवर मी एक नारळ फोडला होता.

मी फोटो डिलीट केला. हे लिहायले लाज वाटते पण केला. अन् दहा मिनिटं मले असंच वाटत राह्यलं की आता फोटो नाही तं गोष्टही नाही. कोण पाहते, हजारो डब्बे जातात, तिथं थोडीच प्रत्येक उघडतात. मंग बाबा आले. त्याइनं बूट काढले, हात धुतले अन् विचारलं, "आज काय शिकली?"

मी रडायले लागली. आई स्वयंपाकघरातून आली. सगळं सांगतलं, सही, हार, मॅडम, डिलीट. मले भीती होती की बाबा पहिले नारळाचंच बोलतील. ते खुर्चीत बसले, दोन्ही हात मांडीवर.

"त्यानं प्रेमानं हातात दिला, तू फोडला, त्याचं काही नाही," बाबा म्हणाले. "पण तू पाह्यल्याशिवाय लिहिलं, अन् त्या माणसानं तुझ्या भरोशावर सही केली. डब्बा कुठं हाय आता?"

"डेपोत. उद्या दुपारची गाडी आहे."

"म्हणजे रायपुरातच हाय ना. मंग रडतेस काहून? ज्याची सही हाय त्याले फोन लाव."

मी म्हटलं तुम्ही बोला. ते म्हणाले, नाही. मंग म्हणाले, मी बाजूले बसतो.

ते खरंच बाजूले बसले. फोनवर भैयाजीनं सगळं ऐकलं. मंग म्हणाले, सही माझी आहे बेटा, तं मीही येईन, सकाळी आठले डेपोवर ये, अन् ककाले घेऊन ये. एवढंच. रागावले असते तं बरं वाटलं असतं.

सकाळी बाबांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. हेही ते कधी करत नाहीत. कका डेपोच्या फाटकावर आधीच उभे होते, धुतलेला सदरा घालून, तोंड एवढंसं. कोणीतरी त्याइले फोनवर सांगतलं होतं की पूजेमुळं माल अडकला. मले पाहून म्हणाले, "हमर फूल म का खराबी हे?"

आमच्या फुलात काय वाईट आहे. माझ्याजवळ याचं उत्तर होतं, पेपरात लिहिलं होतं, जैवसुरक्षा, दीड पान, पूर्ण मार्क. पण ते ककाले सांगून काय होणार. शेवटी मी म्हटलं, कका, फूल चांगलंच आहे, पण त्यात एखादा किडा लपून गेला, अन् त्याइच्याकडं तो किडा नसलाच, तं तिकडं त्याले मारणारं कोणी नसते. तो तिथं पसरते. त्याइची शेती जाते.

आमच्याकडं धानाले माहो लागतो, बारीक किडा, उभं हिरवं शेत आठ दिवसांत जळल्यासारखं करते. ककाच्या शेतात तो एकदा लागला होता, ते त्याइनं जेवताना सांगतलं होतं मले.

"माने," कका हळूच म्हणाले, "हमन उंखर देस म माहो भेजत रहेन?"

म्हणजे आपण त्याइच्या देशात माहो पाठवून राहिलो होतो. मी मान हलवली. त्यानंतर ककाचा चेहराच बदलला. मले म्हणाले, चल, झाडू कुठं मिळन इथं. माझं दीड पान त्याइनं एका शब्दात संपवलं. परीक्षेत पुढच्या वेळी मी तो शब्द लिहिला, अन् मॅडमनं त्याच्याखाली रेघ ओढून बरोबरची खूण केली, पण ते नंतरचं.

सील तोडायचं तं कस्टमच्या साहेबाइची परवानगी लागते अन् अर्ज लागतो. अर्ज मीच लिहिला. कारण काय लिहायचं म्हणून भैयाजीकडं पाह्यलं, तं ते म्हणाले, जो हुआ वही. मी लिहिलं: पूजेचा एक हार, एका नारळाचे तुकडे, हळदीचे तांदूळ. साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा काढला. पुन्हा लावून वाचला. विचारलं, नारळ कोणी फोडला?

मी म्हटलं, मी. अन् त्याच वेळी कका म्हणाले, मैं.

साहेबांनी दोघाइकडं पाह्यलं. "एक नारियल, दो जन?"

मंग मी म्हटलं, नाही साहेब, फोडला मीच, तोही तिसऱ्या वेळी. भैयाजी छताकडं पाहत होते. साहेब हसले नाहीत, पण सही करताना त्याइच्या मिशा हलल्या हे मी पाह्यलं. माणूस सोबत दिला अन् म्हणाले, त्याच्यासमोर उघडा, साफ करा, त्याच्यासमोर नवीन सील लावा.

दार उघडलं तं रात्रभरात सगळ्या डब्ब्यात झेंडूचा वास भरला होता. इतका छान वास होता की मलेच वाईट वाटलं. फोर्कलिफ्टनं शेवटचे दोन पॅलेट बाहेर काढले. हार ककानं सोडला, तुकडे उचलले. झाडू मारला. पण तांदूळ. जाळीची भोकं, पॅलेटच्या फळ्याइच्या फटी, फरशीच्या फटी. मी अन् कका पोटावर पडून, मोबाइलचा टॉर्च लावून, एकेक दाणा नखानं काढून राहिलो होतो. बाबांनी बूट काढले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, अन् बाहेर काढलेल्या पॅलेटपाशी दाणे वेचायले बसले. काट्यावर बसून बसून त्याइची नजर अशी झाली आहे की त्याइले दाणा दिसतेच. भैयाजी ओल्या फडक्यानं फरशीवरचं नारळाचं पाणी पुसत होते. मालक, स्वतः, उकिडवे बसून. मधूनमधून कोणीतरी म्हणे, हा एक अजून.

सगळ्यात शेवटी झेंडूची एक पाकळी ककाले सापडली, एका जाळीच्या भोकात चिकटलेली. ती त्याइनं चिमटीत धरून बाहेर नेली अन् फेकली नाही. खिशात ठेवली.

मंग भैयाजीनं मले म्हटलं, आता पाहा. मी डब्ब्याच्या उंबऱ्यावर वाकली अन् टॉर्च मारून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाह्यलं. वरून, खालून, कोपरे. पूर्ण पाह्यलं. तेव्हा मॅडमची नक्कल आठवली, समोशाची प्लेट. पॅलेट परत आत गेले, दार लागलं, नवीन सील. सीलचा नंबर बदलला म्हणजे कागद पुन्हा. मी डेपोतल्या एजंटच्या टेबलावर बसून सगळे कागद नवे केले, अन् डिक्लेरेशनही. भैयाजीनं ते या वेळी पूर्ण वाचलं. अन् सही केली. मले तेच पाहिजे होतं, की त्याइनं वाचावं.

दुपारची गाडी तरी सुटलीच आमच्याशिवाय. वजन, सील, नोंदी, यात फाटक बंद झालं. पुढची गाडी दोन दिवसांनी, अन् जहाजावर माल घ्यायची शेवटची वेळ त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते दोन दिवस मी फाउंड्रीत कशी गेली ते माझं मले माहीत. भैयाजी रोजच्यासारखा चहा पाठवत. तिसऱ्या दिवशी एजंटचा मेसेज आला, डब्बा बंदरात आत गेला. मी तो मेसेज पहिले ककाले दाखवला. त्याइले इंग्रजी येत नाही, पण त्याइनं मोबाइल हातात घेऊन पूर्ण पाह्यला.

इंटर्नशिप संपली, दुसरं वर्ष सुरू झालं. मॅडमनं वर्गात त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. मीच तोंडी परीक्षेत सांगतलं, सगळं, डिलीट केलेल्या फोटोसकट. बाहेरचे परीक्षक विचारत होते की मंग डब्ब्याचं काय झालं, अन् मले सांगता येत नव्हतं, कारण डब्बा समुद्रात होता. मॅडम म्हणाल्या, ही सांगन तुम्हाले, पोहोचल्यावर.

पोहोचला. भैयाजीनं मले स्वतः फोन केला. तिकडच्या तपासणीवाल्याइनं डब्बा उघडून पाह्यला होता अन् सोडून दिला होता. खरीददारानं पुढचे डब्बे मागतले होते. मी वर्गातून बाहेर येऊन हा फोन घेतला अन् परत आत जाऊन मॅडमले खुणेनं अंगठा दाखवला. त्याइनं शिकवणं थांबवलं नाही, फक्त फळ्यावर लिहितालिहिता मान हलवली.

मागच्या महिन्यात दुसरा डब्बा निघाला. ककानं सांगून पाठवलं की नोनीले बोलवा. मी गेली, बाबाच्याच स्कूटरवर, अन् बाबाही काट्यावरून सुट्टी घेऊन आले. फाउंड्रीत आता डब्ब्यापासून दहा पावलं लांब जमिनीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारलेली आहे. ककानं मारली. फूल, अगरबत्ती, तांदूळ, सगळं रेघेच्या अलीकडं. गँगमध्ये दोन नवीन माणसं होती, त्याइले कका माहो समजावून सांगत होते, मेलबर्नच्या शेतात लागलेला, जसं काही स्वतः पाहून आले. दार लावायच्या आधी त्याइनं मले बोलावलं अन् म्हणाले, झाँक ले नोनी. मी वाकून पाह्यलं. माझ्या मागं बाबाही वाकले. जाळ्या होत्या, बस.

दार लागल्यावर, सील लागल्यावर, ट्रेलर फाटकाबाहेर गेल्यावर, रेघेच्या अलीकडं ककानं नारळ फोडला. या वेळी त्याइनंच. एका दणक्यात दोन भाग. एक भाग त्याइनं बाबाच्या हातात दिला. मी बाबाकडं पाह्यलं. त्याइनं तो दोन्ही हातांनी घेतला, रुमालात गुंडाळला अन् स्कूटरच्या डिक्कीत ठेवला.

घरी आईनं त्याची चटणी केली, हिरवी मिरची अन् दही घालून. बाबांनी दोनदा मागून घेतली.